डिटेक्टरच्या शिल्डिंगसाठी कमी बॅकग्राउंडचं मटेरियल कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅमा स्पेक्ट्रोमेट्री (गॅमा किरणांची एनर्जी मोजून ते कशातून आले ते ओळखणं) करणारे, सॅम्पलमधली अगदी थोडी ॲक्टिव्हिटी म्हणजे किरणोत्सर्ग शोधणारे, नुकताच सोडियम आयोडाइडचा किंवा जर्मेनियमचा डिटेक्टर मिळालेले, असे सगळेच फिरून फिरून जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीयेत कारण तिथे खरंच सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळींत संपतात.

शिल्डिंग म्हणजे बाहेरचं रेडिएशन अडवायचं ना, मग मटेरियल कुठलं का असेना, जाड असलं की झालं?

नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात थोडं युरेनियम, थोडं थोरियम, थोडं पोटॅशियम असतंच. भिंत डिटेक्टरपासून दोन मीटर लांब असते पण शिल्ड त्याला सगळ्या बाजूंनी वेढून बसलेलं असतं, म्हणजे शिल्डच्या आतल्या थरातून जे काही बाहेर पडतं ते डिटेक्टर अगदी जवळून बघतो आणि त्याला अडवायला मध्ये काहीच नसतं. त्यामुळे शिल्ड हे एकाच वेळी ढालही असतं आणि सोर्सही. बाहेरच्या थराने वजन द्यायचं, आतल्या थराने स्वच्छता द्यायची, एवढं डोक्यात ठेवलं तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बॅकग्राउंड, म्हणजे सॅम्पल नसतानाही डिटेक्टरला दिसणारं रेडिएशन, नेमकं येतं कुठून?

पाच ठिकाणांहून. पहिलं म्हणजे भिंती, जमीन, छत: पोटॅशियम-४० ची १४६० केईव्हीची लाइन (लाइन म्हणजे ठरावीक एनर्जीचा गॅमा, केईव्ही हे त्या एनर्जीचं एकक), थोरियमच्या साखळीतल्या, म्हणजे त्याच्या क्षयातून एकामागून एक बनणाऱ्या आयसोटोपांमधल्या, थॅलियम-२०८ ची २६१४ ची लाइन, आणि युरेनियमच्या साखळीतल्या बिस्मथ-२१४ च्या ६०९, ११२०, १७६४ च्या लाइन्स. दुसरं, हवेतला रेडॉन, म्हणजे युरेनियमच्या साखळीतला किरणोत्सर्गी वायू. तिसरं, वरून येणारे कॉस्मिक किरण, मुख्यतः म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण), समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. चौथं, शिल्ड स्वतः. पाचवं, डिटेक्टर स्वतः, म्हणजे त्याचं कवच, फोटोमल्टिप्लायरची (क्षीण प्रकाशाचा सिग्नल करणाऱ्या नळीची) काच, सोल्डर, रबरी रिंगा वगैरे.

शिसं फक्त पहिल्यावर नीट काम करतं. बाकी चारांवर वेगवेगळे उपाय आहेत आणि काही वेळा जास्त शिसं लावून तिसरं आणि चौथं वाढतंसुद्धा.

मग सुरुवात कुठून करू? आधी काय विकत घेऊ?

काहीच घेऊ नका. आधी उघड्या डिटेक्टरवर एक लांब स्पेक्ट्रम घ्या, रात्रभर तरी, आणि त्यात कुठले पीक (एकेका लाइनमुळे आलेखात उठणारे उंचवटे) आहेत ते ओळखा. मग असतील त्या विटा तात्पुरत्या रचून तोच स्पेक्ट्रम परत घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघा. जे पीक बरेच खाली आले ते बाहेरून येत होते. जे जागचे हललेच नाहीत ते आतले, म्हणजे डिटेक्टरमधले, पोकळीतल्या हवेतले किंवा शिल्डमधले. या एका तुलनेतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही कॅटलॉगमधून कळत नाही, आणि तरी लोक ही पायरी सोडून थेट टनभर शिशाची ऑर्डर देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे असतात.

सगळे शिसंच का वापरतात?

घनता ११.३५, अणुक्रमांक ८२, ओतायला कापायला सोपं, आणि रिफायनिंगमध्ये युरेनियम-थोरियम जवळजवळ सगळं निघून जातं. कमी एनर्जीच्या गॅमासाठी तर शिशाच्या जवळपासही साधे पदार्थ येत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या, २.६ एमईव्हीच्या (म्हणजे २६०० केईव्हीच्या) आसपास शिसं, लोखंड आणि पाणी यांची दर ग्रॅमला अडवण्याची ताकद जवळपास सारखीच असते, तिथे शिशाचा फायदा फक्त तो ग्रॅम कमी जागेत बसतो एवढाच. पण कमी जागा म्हणजे पोकळीभोवतीचा घेर लहान, म्हणजे एकूण वजनही कमी, त्यामुळे तो फायदा लहान नाही.

किती जाडी पुरे?

१० सेंटिमीटर हा जगभरचा नेहमीचा आकडा आहे आणि तो उगाच आलेला नाही. सरळ रेषेत आत येणाऱ्या गॅमाचा हिशोब केला तर ५ सेंटिमीटर शिशातून २६१४ च्या लाइनचा साधारण ९ टक्के भाग आत पोचतो, १० मधून एक टक्क्याच्या जरा खाली, १५ मधून हजारात एकापेक्षाही कमी. पोटॅशियमची १४६० तर १० सेंटिमीटरमध्येच हजारात तीनवर येते. म्हणजे ५ वरून १० वर जाताना फार मोठा फरक पडतो, १० वरून १५ वर जाताना फरक पडतो पण तोपर्यंत बाकीची बॅकग्राउंड वर आलेली असते आणि तो दिसतोच असं नाही.

जमिनीवरच्या साध्या लॅबमध्ये १५ च्या पुढे जाण्यात मला अर्थ वाटत नाही. म्युऑन शिशात घुसून तिथेच न्यूट्रॉन आणि गॅमाचा फवारा तयार करतात, जितकं शिसं जास्त तितकं त्यांना टार्गेट जास्त. तिथून पुढे सुधारणा हवी असेल तर वर प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचा) व्हेटो लावा, म्हणजे म्युऑन गेला की त्या क्षणाचा काउंट टाकून द्यायचा, किंवा मग जमिनीखाली जा. इटलीतल्या ग्रान सास्सो लॅबवर साधारण १४०० मीटर खडक आहे आणि तिथे म्युऑन सुमारे दहा लाख पटीने कमी होतात.

वजनाचा हिशोबही आधीच करा. २० सेंटिमीटर बाजूची चौकोनी पोकळी आणि सगळीकडून १० सेंटिमीटर शिसं म्हणजे सुमारे ६३५ किलो. तीच पोकळी पण १५ सेंटिमीटर शिसं, १३३० किलो. पोकळी ३० ची केली आणि शिसं १० च ठेवलं तरी ११०० किलोच्या वर जातं. हे सगळं एका टेबलाच्या पायांवर आणि खालच्या स्लॅबवर येणार आहे, तेव्हा इंजिनिअरला विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावर बांधू नका.

साध्या शिशात काय प्रॉब्लेम आहे? युरेनियम तर निघून जातं म्हणालात.

युरेनियम जातं, रेडियम जातं, पण त्यांच्या साखळीत पुढे तयार झालेलं शिसं-२१०, म्हणजे शिशाचाच किरणोत्सर्गी आयसोटोप, जात नाही, कारण रसायनशास्त्राच्या नजरेत ते शिसंच आहे. खनिजात युरेनियमचा थोडाजरी अंश असला तर हजारो लाखो वर्षं तिथे शिसं-२१० बनत राहिलेलं असतं, आणि धातू गाळताना ते साध्या शिशाबरोबर मुकाट्याने येतं. भट्टीतल्या कोकमधून आणि हवेतूनही थोडं मिसळतं. नेहमीच्या बाजारी शिशात किलोला दहावीस बेकेरेलपासून (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय) काही शे बेकेरेलपर्यंत काहीही मिळू शकतं, आणि दोन लॉट दिसायला अगदी सारखे असतात.

शिसं-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. त्याची स्वतःची ४६.५ केईव्हीची गॅमा इतकी दुबळी की शिशातच गिळली जाते, फक्त वरच्या पापुद्र्यातली बाहेर येते. खरा त्रास त्याच्या पोराचा, म्हणजे त्याच्या क्षयातून बनणाऱ्या बिस्मथ-२१० चा. त्यातून ११६० केईव्हीपर्यंतचे बीटा निघतात, ते शिशात थांबताना ब्रेम्सस्ट्राहलुंग म्हणजे सलग पसरलेले एक्स-रे तयार करतात, आणि ते मात्र बाहेर येतात. स्पेक्ट्रमवर हे पीक म्हणून दिसत नाही, ५०० केईव्हीच्या खाली सगळीकडे जमीनच वर उचलल्यासारखी दिसते आणि वर ७२ ते ८७ च्या पट्ट्यात शिशाचे एक्स-रे उठून येतात. पीक नसल्यामुळे लोकांना संशयच येत नाही, ते म्हणतात डिटेक्टरच असा आहे.

आता यातली चांगली बातमी. हे सगळं शिशाच्या आतल्या थोड्या जाडीतूनच येतं, कारण हे एक्स-रे कमी एनर्जीचे असल्यामुळे बाहेरच्या थरांतले तिथेच विरून जातात. म्हणून पूर्ण शिल्ड भारी शिशाचं करायची अजिबात गरज नाही. वरच्याच उदाहरणात आतला फक्त अडीच सेंटिमीटरचा थर कमी-ॲक्टिव्हिटीच्या शिशाचा केला तर तो सुमारे ८७ किलो भरतो, उरलेलं साधं शिसं चालतं. पैसे खर्च करायचे ते त्या ८७ किलोवर करा, बाहेरच्या साडेपाचशे किलोंवर नाही.

जुनं शिसं चांगलं म्हणतात, रोमन शिसं वगैरे, ते खरं आहे का?

पूर्ण खरं आहे. एकदा गाळून वेगळं केलं की शिसं-२१० ला नवीन पुरवठा थांबतो आणि ते २२ वर्षांनी निम्मं, ४४ वर्षांनी पाव असं कमी होत जातं. शंभर वर्षांत साधारण बाविसावा हिस्सा उरतो, दोनशे वर्षांत पाचशेवा. दोन हजार वर्षांत नव्वद अर्धायुष्यं होतात, म्हणजे मूळचं काहीच उरत नाही.

सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक रोमन जहाज शिशाच्या लगडी घेऊन बुडालं. त्यातल्या १२० लगडी २०१० मध्ये इटलीच्या न्यूक्लिअर फिजिक्सच्या राष्ट्रीय संस्थेला मिळाल्या आणि त्या शिशाचं ग्रान सास्सोमधल्या क्युओरे या न्यूट्रिनोवरच्या प्रयोगाचं आतलं शिल्ड झालं. तिथे मोजमापात शिसं-२१० किलोला काही मिलिबेकेरेलच्याही खाली आहे एवढंच म्हणता आलं, त्याच्या पुढे बघायची उपकरणाचीच ताकद संपली. लगडींवर रोमन कारागिरांचे कोरलेले शिक्के होते, ते भाग आधी कापून जपून ठेवले गेले आणि मगच बाकीचं वितळवलं.

यावर पुरातत्त्ववाल्यांचे आक्षेप आहेत आणि मला ते बरोबर वाटतात. बुडालेली जहाजं हा ठेवा आहे आणि २००१ च्या युनेस्को करारात त्यांचा धंदा करायला मनाई आहे. दुर्मिळ प्रयोगाला परवानगी घेऊन, नोंद ठेवून थोडं शिसं वापरणं वेगळं, पण तुमच्या मातीच्या सॅम्पलला त्याची काडीचीही गरज नाही. निवडक खाणींमधून येणारं, मोजून सर्टिफाय केलेलं आधुनिक शिसं किलोला काही मोजक्या बेकेरेलपर्यंत मिळतं आणि जवळजवळ सगळ्यांना ते पुरतं.

जुन्या इमारतीचं शिसं किंवा भंगारातलं शिसं मिळतंय, वापरू का?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या छपराचं, जुन्या पाइपांचं, जहाजाच्या तळातलं शिसं, ज्याचं वय नक्की माहीत आहे आणि जे मधल्या काळात परत वितळवलेलं नाही, ते खरोखर चांगलं असू शकतं. पण जुनी डागडुजी असेल तर त्यात नव्या सोल्डरचे तुकडे लागलेले असतात, ते कापून टाका. भंगारातलं शिसं बहुतेक वेळा बॅटऱ्यांमधून आलेलं, अनेक वयांचं एकत्र वितळलेलं असतं, त्याचा इतिहास कोणालाच सांगता येत नाही. बाहेरच्या थराला खुशाल वापरा. आतल्या थराला मोजल्याशिवाय नको.

आणखी एक, पूर्वी कोणत्यातरी रेडिएशनच्या कामात वापरलेल्या विटा स्वस्तात मिळाल्या तर त्यांच्यावर सोर्सची घाण लागलेली असू शकते. घ्यायच्या आधी एकेक वीट सर्व्हे मीटरने तपासा आणि पुसून तो कागद पण मोजा.

आतून तांब्याचा आणि कथलाचा पत्रा लावतात तो कशासाठी?

गॅमा शिशावर आदळला की शिसं स्वतःचे एक्स-रे सोडतं, ७२ ते ८७ केईव्हीमध्ये. ते थांबवायला आत एक मिलिमीटर कथील लावतात, त्यात त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास अडतात. मग कथलाचे स्वतःचे २५ च्या आसपासचे एक्स-रे येतात, त्यांना दीड मिलिमीटर तांबं पूर्ण संपवतं. तांब्याचे ८ केईव्हीचे, ते बहुतेक डिटेक्टरच्या खिडकीतूनच आत येत नाहीत. क्रम नेहमी जडकडून हलक्याकडे, म्हणजे शिसं बाहेर, मग कथील, आणि डिटेक्टरच्या बाजूला तांबं. उलटं लावलेलं शिल्ड मी बघितलंय, त्यात कथलाचे एक्स-रे थेट डिटेक्टरवर येतात.

कथलाऐवजी कॅडमियम पण वापरायचे. ते मी टाळायला सांगेन, एकतर विषारी, आणि शिवाय संथ न्यूट्रॉन पकडून ५५८ केईव्हीचा गॅमा सोडतं, म्हणजे एक नवीन पीक विकत घेतल्यासारखं.

तुम्ही १५० केईव्हीच्या वरच काम करत असाल तर हे अस्तर नसलं तरी फार बिघडत नाही.

तांबं इतकं स्वच्छ का मानतात? मग सगळं तांब्याचंच का नाही करत?

तांबं इलेक्ट्रोलिसिसने शुद्ध करतात, त्यात युरेनियम-थोरियम द्रावणातच मागे राहतं आणि तांब्याला स्वतःचा लांब अर्धायुष्याचा किरणोत्सर्गी भाऊही नाही, शिशासारखा. म्हणून ऑक्सिजन-फ्री उच्च शुद्धतेचं तांबं हे सगळ्यात आतल्या थराला आजही पहिली पसंती आहे. खोल जमिनीखालच्या प्रयोगांत काही सेंटिमीटर जाड तांबं आत लावतात, ते शिसं-२१० चं ब्रेम्सस्ट्राहलुंग पण खाऊन टाकतं.

अडचण अशी की तांबं उघड्यावर पडून राहिलं की कॉस्मिक किरणांमधले न्यूट्रॉन त्यात कोबाल्ट-६०, कोबाल्ट-५८, कोबाल्ट-५७, मँगनीज-५४ असे आयसोटोप तयार करतात. विमानाच्या उंचीवर तर हे शेकडो पटीने जोरात होतं, त्यामुळे संवेदनशील प्रयोगांचं तांबं आणि जर्मेनियम विमानाने पाठवतच नाहीत, रस्त्याने किंवा जहाजाने, कमीत कमी दिवसांत. अमेरिकेत साउथ डकोटातल्या सॅनफर्ड लॅबमध्ये माजोराना या न्यूट्रिनोवरच्याच प्रयोगासाठी तांबं जमिनीखालीच द्रावणातून थरावर थर चढवून बनवलं, तिथेच लेथवर कापलं आणि तिथेच वापरलं, सूर्यप्रकाशच त्याने बघितला नाही. माझ्या मते मटेरियलच्या शुद्धतेवर माणसाने घेतलेल्या कष्टांपैकी हे सगळ्यात सुंदर काम आहे.

जमिनीवरच्या लॅबला यातलं काहीच लागत नाही, चांगल्या ग्रेडचा पत्रा घ्या, बस. आणि पूर्ण तांब्याचं शिल्ड न करण्याचं कारण सरळ आहे, घनता ८.९६ आणि अणुक्रमांक २९, म्हणजे जाडी बरीच वाढते.

स्टीलचं काय? लढाऊ जहाजांचं जुनं स्टीलच लागतं असं ऐकलंय.

एकेकाळी लागायचं. स्टील बनवताना भट्टीत प्रचंड हवा किंवा ऑक्सिजन फुंकतात, आणि १९४५ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतच किरणोत्सर्गी कण होते, ते स्टीलमध्ये शिरले. त्यामुळे संपूर्ण शरीराची ॲक्टिव्हिटी मोजायच्या खोल्या आणि संवेदनशील उपकरणं युद्धापूर्वीच्या स्टीलची करायचे. २१ जून १९१९ ला स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लोमध्ये जर्मन नौदलाने आपली ५२ जहाजं स्वतःच बुडवली, त्यातून काढलेलं स्टील यासाठी प्रसिद्ध झालं. १९६३ च्या अणुचाचणीबंदीच्या करारानंतर हवेतल्या चाचण्या खूप कमी झाल्या, हवा बरीच स्वच्छ झाली, आणि आज बहुतेक कामांना नवीन स्टील चालतं.

आजचा धोका वेगळा आहे, कोबाल्ट-६०. भट्टीच्या अस्तराची झीज मोजायला त्यात कोबाल्टचे सोर्स बसवायची पद्धत होती, आणि भंगारात चुकून हरवलेला सोर्स वितळला तर तो थेट स्टीलमध्ये जातो. १९८३ मध्ये मेक्सिकोच्या सिउदाद ह्वारेझमध्ये कॅन्सर उपचाराच्या मशीनमधलं कोबाल्ट भंगारात गेलं आणि त्याच्या सळया बनल्या. जानेवारी १९८४ मध्ये असा माल घेतलेला एक ट्रक लॉस अलामॉस लॅबजवळून गेला आणि तिथला रेडिएशन अलार्म वाजला म्हणून ते उघडकीला आलं. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आणि लाइन्स ११७३ आणि १३३२, त्यामुळे तपासणं सोपं आहे: प्लेटचा एक तुकडा डिटेक्टरजवळ ठेवा आणि या दोन जागा बघा.

बाहेरच्या सांगाड्याला स्टील उत्तम, मजबूत आणि शिसं-२१० ची भानगड नाही. जाडी मात्र शिशाच्या दीडपट धरावी लागते २.६ एमईव्हीला, आणि खालच्या एनर्जीला त्याहून बरीच जास्त.

वेल्डिंग करून घेणार असाल तर वेल्डरला नक्की विचारा की टंगस्टनचा इलेक्ट्रोड थोरियमवाला आहे का. लाल टोकाच्या इलेक्ट्रोडमध्ये दोन टक्के थोरियम असतं आणि त्याचा अंश जोडात राहू शकतो. लँथॅनम किंवा सेरियमवाले इलेक्ट्रोड वापरायला सांगा.

टंगस्टन, ॲल्युमिनियम, काँक्रीट, ग्रॅनाइट?

टंगस्टन घनतेने भारी, १९.३, लहान जागेत कॉलिमेटरला (किरणांचा झोत अरुंद करणाऱ्या भागाला) छान, पण शुद्धता लॉटप्रमाणे बदलते, मोजूनच घ्या. साध्या ॲल्युमिनियममध्ये युरेनियम-थोरियम बऱ्यापैकी असतं, डिटेक्टरच्या अगदी जवळ साधा ॲल्युमिनियमचा स्टँड किंवा सॅम्पल होल्डर ठेवू नका, ॲक्रिलिक वापरा. काँक्रीट, विटा, ग्रॅनाइट, फ्लाय ॲश हे सगळे बाहेरच, त्यांच्यात पोटॅशियम आणि रेडियम भरलेलं असतं. डिप्लिटेड युरेनियम काही औद्योगिक शिल्डमध्ये असतं, कमी बॅकग्राउंडच्या कामात ते नाहीच.

पाण्याचं शिल्ड करता येईल का?

येतं, आणि मोठ्या भूमिगत प्रयोगांत ते आवडतं मटेरियल आहे. पाणी अतिशय शुद्ध करता येतं, स्वस्त पडतं, न्यूट्रॉनही मंद करतं, आणि सगळीकडे घट्ट बसतं, फट राहत नाही. पण एक मीटर पाण्यातून २६१४ चा साधारण दीड टक्का आत येतो, तेव्हा शिशाच्या १० सेंटिमीटरची बरोबरी करायला एक मीटरपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं. म्हणजे टाकीच. आणि जमिनीतून काढलेल्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असतो, तो काढावा लागतो किंवा काही आठवडे बंद ठेवून मरू द्यावा लागतो.

न्यूट्रॉनसाठी पॉलिथिन लावू का?

आधी न्यूट्रॉन त्रास देतायत का ते बघा. जर्मेनियमच्या स्पेक्ट्रममध्ये ५९६ आणि ६९१ ला एका बाजूने उतरते, करवतीच्या दातासारखे रुंद पीक दिसले तर ते वेगवान न्यूट्रॉन. ते बरेचसे म्युऑनने शिशातच तयार केलेले असतात, म्हणून बाहेर पॉलिथिन लावून त्यांचं काही होत नाही. पॉलिथिन आत लावलं तर मंद झालेले न्यूट्रॉन हायड्रोजन पकडतो आणि २२२३ केईव्हीचा गॅमा सोडतो, बोरॉन मिसळलं तर त्याऐवजी ४७८ चा मिळतो, जो शिशाच्या एका थराने सहज अडतो. म्हणून बोरॉनवालं पॉलिथिन शिशाच्या दोन थरांमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. सोडियम आयोडाइडवाल्यांनी यात पडू नये.

शिल्ड चांगलं आहे तरी बिस्मथ-२१४ चे पीक रोज कमीजास्त होतात, का?

रेडॉन. शिल्ड कितीही जाड असलं तरी पोकळीतली हवा आतच असते आणि खोलीतल्या रेडॉनप्रमाणे ती बदलते. पीक ठरावीक राहिले तर मटेरियल, हलले तर हवा, ही साधी ओळख. उपाय तीन: पोकळी जितकी लागते तितकीच ठेवा, झाकण घट्ट बसवा, आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीतून उडणारा वायू बारीक नळीने आत सोडत राहा, त्यात रेडॉन जवळजवळ नसतो. खोलीत हवा खेळती ठेवा, नायट्रोजन साचला तर माणूस न कळत बेशुद्ध होतो.

रेडॉनचं आणखी एक नुकसान सावकाश होतं. त्याची पोरं पृष्ठभागावर बसतात आणि शेवटी शिसं-२१० चा पातळ थर करून ठेवतात. म्हणून आतला तांब्याचा पत्रा उघडा टाकू नका, लावेपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

डिटेक्टरच किरणोत्सर्गी असेल तर?

मग शिल्डवर खर्च थांबवा. लँथॅनम ब्रोमाइडमध्ये लँथॅनम-१३८ जन्मजात आहे आणि त्याचा १४३६ चा पीक पोटॅशियमच्या १४६० ला खेटून बसतो. ल्युटेशियमवाल्या क्रिस्टलमध्ये ल्युटेशियम-१७६ मुळे दर घनसेंटिमीटरला सेकंदाला शेकडो क्षय होतात, तिथे रोमन शिसं लावलं तरी काही बदलणार नाही. सोडियम आयोडाइडमध्ये फोटोमल्टिप्लायरच्या काचेतलं पोटॅशियम नेहमीचा गुन्हेगार. जर्मेनियम स्वतः अतिशय स्वच्छ असतं, पण कवच, ॲम्प्लिफायरचे भाग आणि व्हॅक्युमसाठीचं मॉलिक्युलर सीव्ह (उरलेला वायू शोषणारे दाणे) बघावं लागतं.

सप्लायर सर्टिफिकेट देतो, त्यात काय बघायचं?

युनिट आधी. कोणी पीपीबी (अब्जात किती भाग) किंवा पीपीएम (दहा लाखात किती भाग) लिहितो, कोणी बेकेरेल. एक पीपीबी युरेनियम-२३८ म्हणजे किलोला १२.४ मिलिबेकेरेल, एक पीपीबी थोरियम-२३२ म्हणजे ४.१, आणि एक पीपीएम साधं पोटॅशियम म्हणजे पोटॅशियम-४० चे ३१ मिलिबेकेरेल.

मग पद्धत. मास स्पेक्ट्रोमेट्री युरेनियम-थोरियमचे अणू मोजते, फार बारीक मोजते, पण साखळीच्या खालच्या भागात काय आहे ते तिला दिसत नाही. प्रक्रिया केलेल्या मटेरियलमध्ये युरेनियम नसून रेडियम असू शकतं, आणि आपल्याला त्रास देणारे गॅमा रेडियमच्या खालूनच येतात. शिशाच्या बाबतीत तर युरेनियमचा आकडा शून्य असला तरी शिसं-२१० बद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिसं-२१० चा आकडा वेगळा मागा, तो बहुतेक पोलोनियम-२१० च्या अल्फा मोजून काढतात. तुम्हाला मिळणाऱ्याच लॉटचा आकडा मागा, मागच्या वर्षीच्या नमुन्याचा नको.

विटा रचताना काय सांभाळायचं?

सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, थर एकमेकांवर सरकवून रचा किंवा खाचेच्या विटा घ्या. एक मिलिमीटरची सरळ फट पण दिसते. केबलचं भोक वळण देऊन काढा. खालची बाजू विसरू नका, जमीन हा सगळ्यात मोठा सोर्स आणि नेमकं खालीच लोक पातळ ठेवतात. शुद्ध शिसं मऊ असतं, वर्षानुवर्षांत दबतं, म्हणून झाकणाला स्टीलची प्लेट किंवा आडवा आधार द्या. अँटिमनी मिसळलेलं शिसं कडक असतं, बाहेरच्या थराला चांगलं.

डिटेक्टर भिंतीला चिकटवू नका. आतून मागे फिरणारे गॅमा २०० ते २५० केईव्हीमध्ये कुबड तयार करतात आणि भिंत जवळ असेल तर ते वाढतं.

शिसं हातात घेणं सुरक्षित आहे का?

हातमोजे घाला, काम झालं की हात धुवा, तिथे खाऊ-पिऊ नका. पांढरट भुकटी दिसली तर ओल्या कपड्याने पुसा, झाडू नका. कापणं, घासणं, वितळवणं हे घरी करूच नका, धूर आणि धूळ दोन्ही शरीरात जातात आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतात. वीट पडून बोटं चिरडण्याचे अपघात विषबाधेपेक्षा जास्त सहज होतात, १० सेंटिमीटर बाजूची, २० लांबीची वीट जवळजवळ २३ किलोची असते.

बॅकग्राउंड किती कमी केली की पुरे?

सगळ्यात कमी किती ॲक्टिव्हिटी ओळखता येईल ते बॅकग्राउंडच्या वर्गमुळावर चालतं, १९६८ पासून वापरात असलेलं करीचं सूत्र हेच सांगतं. म्हणजे बॅकग्राउंड चौपट कमी केली तर ओळखण्याची मर्यादा निम्मी होते, आणि तेच चौपट वेळ मोजूनही मिळतं. तुमच्याकडे रोज चार सॅम्पल येत असतील आणि रात्र रिकामी जात असेल तर आधी वेळ वाढवा. सॅम्पलांची रांग असेल तर शिल्ड सुधारा. सॅम्पल डिटेक्टरच्या जवळ आणणं आणि मोठं घेणं याचा फायदा सरळ पटीत मिळतो, वर्गमुळात नाही, तो तर सगळ्यात आधी घ्या.

सगळं बांधून झालं, तरी एकदोन पीक उरलेत, कुठे शोधू?

५११ असेल तर म्युऑन, पूर्ण जाणार नाही, व्हेटोने कमी होईल. ७५ आणि ८५ च्या जवळ असतील तर अस्तर पातळ आहे किंवा कुठेतरी उघडं शिसं डिटेक्टरला दिसतंय. ४६.५ असेल तर पृष्ठभागावरचं शिसं-२१०, पत्रा बदला किंवा स्वच्छ करा. ११७३ आणि १३३२ दोन्ही असतील तर स्टीलचा एखादा स्क्रू, ब्रॅकेट किंवा कोबाल्टचा सोर्स शेजारच्या कपाटात. ६६२ असेल तर सिझियम, आधी शेजारचे कॅलिब्रेशन सोर्स लांब नेऊन बघा, मग विटा पुसा. १४६० एकटाच असेल तर काच किंवा एखादी फट. २३८ आणि २६१४ बरोबर असतील आणि शिल्ड जाड असेल तर थोरियम आत आहे, वेल्डिंगचा जोड, जुनी काच किंवा ॲल्युमिनियमचा होल्डर एकेक करून बाहेर काढा आणि दर वेळी रात्रभर मोजा.